आवक-जावक

घाटकोपरचं वॉर्ड ऑफिस, तळमजला, जिन्याखालचं टेबल.
एकोणीस वर्षं मी इथे कागद घेते.
तुंबलेलं गटार, वाकलेलं झाड,
शेजाऱ्याने पुढे काढलेली बाल्कनी,
सगळ्यांना तोच जांभळा शिक्का, तारीख, क्रमांक,
आणि पोच फाडून हातात.
घेतलेला कागद पाचच्या आत
आपल्या टेबलावरून उठलाच पाहिजे,
हे गुरवसाहेबांनी पहिल्याच दिवशी शिकवलं.
माणसांचं नाही शिकवलं.

माणसं चार वाजता येतात, चहाच्या मागोमाग.
केळसकर खुर्ची ओढतो:
मेव्हण्याच्या कर्जाला जामीन राहिलाय, बँकेची नोटीस आलीय.
पेडणेकरच्या सासूने लॉकरमधले दागिने हलवलेत.
मुकादमची बदली दहिसरला, आणि मुलगी बारावीला.
"माणगावकरबाई, तुम्हाला म्हणून सांगतो."
तुम्हाला म्हणून.
या दोन शब्दांखाली
मी सही करत आले, न वाचता.

घरी मटार सोलताना
बँकेच्या मॅनेजरशी मनातल्या मनात भांडते,
केळसकरच्या वतीने, त्याच्याहून मुद्देसूद.
रात्री दोनला लॉकरची चावी शोधते,
जी मी कधी पाहिलेलीही नाही.
लेक दार उघडते ती माझ्या मागे डोकावतच:
"आज कोणाला घेऊन आलीस?"

डॉक्टर रेगे दंडावर पट्टा आवळत म्हणाल्या,
कसलं टेन्शन आहे?
मी सांगत गेले.
पट्टा सुटला तरी सांगत होते.
त्यांनी पेनाला टोपण लावलं.
"आणि यातलं तुमचं कुठलं?"
मला आठवेना.
गुडघा आठवला, तोही रिक्षात बसल्यावर.

मंगळवारी केळसकर आला. खुर्ची ओढली.
मी सगळं ऐकलं, नोटीस वाचली,
होती तशी घडी घालून
त्याच्या बाजूला सरकवली.
"मग, तुम्ही काय ठरवलंय?"
आमचा पंखा एवढा वाजतो
हे मला तेव्हा कळलं.
तो माझ्याकडे बघत राहिला, जसे लोक बघतात
'हा अर्ज इथे नाही, दुसऱ्या मजल्यावर' म्हटल्यावर.
चहा अर्धा टाकून उठला.
वाटलं, मागे धावावं.
जिन्यापर्यंत गेलेही.
शिक्का हातातच होता.

पुढे काय झालं, मला नक्की माहीत नाही.
हे माझ्यासाठी नवीन आहे.
कँटीनमध्ये तो भजी खाताना दिसला,
कुणाच्या तरी टाळीवर टाळी देत हसत होता.
मी दोन महिने झोपले नव्हते
हे त्याच्या गावीही नव्हतं. का असावं?
मी कुठे पोच दिली होती.

मुकादमचा फॉर्म मात्र मी भरून दिला.
त्याचं अक्षर खरंच वाईट आहे.

आणि फरगोज, जी कधीच कोणाला काही सांगत नाही,
परवा स्टेशनरीच्या खोलीत
कागदांच्या गठ्ठ्यावर बसून रडत होती.
मी विचारलं नाही.
पलीकडच्या गठ्ठ्यावर बसले.
खिडकीबाहेर रसवंतीचे घुंगरू वाजत होते, थांबत होते.
मग ती उठली, नाक पुसलं,
टाचण्यांची डबी घेतली आणि गेली.
तिचं तिच्याबरोबर गेलं.
मी तिथेच थोडा वेळ बसून राहिले,
हातांचं काय करायचं ते न सुचून.

आज पावणेसहाला पर्स उचलली तर हलकी लागली.
फाटक ओलांडलं, बसस्टॉपवर उभी राहिले,
काहीतरी विसरलंय, काहीतरी राहिलंय.
बस आली, सोडली.
उलट पावली परत आले.
तावडे शिपाई कुलूप लावत होता,
तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाला, मी ऐकलं नाही.
खण उघडला.
शिक्का. शाईचं पॅड. आजचीच तारीख.
कोपऱ्यात डब्याचा चमचा,
दांड्यावर तिरपं कोरलेलं सासरचं आडनाव.

उचलला.
हा मात्र माझा होता.